दवंडीपासून दूरचित्रवाणीपर्यंत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे अध्यक्षाबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा सराव म्हणाल तर वाण्याची यादी आणि मंडळाच्या भिशीची वही, एवढाच. परंतु त्याच आठवड्यात एक प्रसंग घडला आणि विषय आपल्या पायांनी चालत घरी आला.

शुक्रवारच्या भजनानंतर आम्ही सहा-सात जणी एकीच्या घरी चहाला थांबलो होतो. समोर टीव्हीवर मालिका चालू होती. मालिकेतील सून आपल्या सासूला एक मोठे गुपित सांगणार, तेवढ्यात जाहिराती सुरू झाल्या. साबणाची झाली, चहाची झाली, रंगाची झाली, पुन्हा त्याच साबणाची झाली. चहा पिऊन झाला, कपबशा विसळून झाल्या, तरी जाहिराती काही संपेनात. आवाज तर असा की दारात कोणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. तेव्हा आमच्यातील एक वडीलधाऱ्या आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं माय, ह्यांला घरात बोलिवलं तरी कुणी?"

आम्ही सगळ्या हसलो. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. खरेच, यांना घरात कोणी बोलाविले? केव्हा बोलाविले? आणि पूर्वी जे आपल्या दारात माल घेऊन येत, त्यांचा आपल्याला असा वैताग का येत नसे? याचा शोध घ्यावा म्हणून वाचनालयातून पुस्तके आणली, जुनी मासिके चाळली, जुन्या माणसांना विचारले. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे मांडीत आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

'जाहिरात' हा शब्द 'जाहीर' या शब्दावरून आला आहे. जाहीर करणे म्हणजे चारचौघांना कळविणे. आपल्या खेड्यापाड्यांतून हे काम दवंडी करीत असे. हलगी वाजे, चार माणसे गोळा होत आणि मग 'ऐका हो ऐका' असे म्हणून जे सांगावयाचे ते सांगितले जाई. आपला बीड जिल्हा १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळातील सरकारी हुकूमसुद्धा गावात दवंडीनेच कळत, असे माझे आजेसासरे सांगत. या दवंडीचा एक गुण असा की ती थोडक्यात असे, आणि न समजल्यास दवंडी देणाऱ्याला थांबवून विचारता येई.

दवंडी झाली सरकारची व गावाची. मालाची दवंडी म्हणजे फेरीवाल्याची हाळी. कल्हईवाला, बोहारीण, सुया-पोत विकणाऱ्या बाया, या प्रत्येकीची हाळी निराळी असे. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगरातील सीताफळे पाटीत घेऊन बायका येतात, त्यांची हाळी आजही ऐकू येते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे सरकारदरबारी त्या फळाचे नाव आपल्या जिल्ह्याशी जोडले गेले. परंतु पाटीवाल्या बाईला त्याची वार्ता नसली तरी चालते. ती एक फळ फोडून हातावर ठेवते आणि म्हणते, "खाऊन बघा बाई, मग पैशाचं बोला."

कासाराचे तर काय सांगावे! तो ओसरीवर बसे, बाईचा हात हातात घेई, मापाचा अंदाज करी आणि मग बांगडी काढी. कोणाला हिरव्या हव्यात, कोणाकडे डोहाळजेवण आहे, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले आहे, हे सारे त्याला ठाऊक असे. बांगडी वाढवली तर पुढच्या फेरीला त्याला ऐकवताही येई. तो गोड बोलून चार पैशांचा माल सहा पैशांना देत असेलही. 'बोलणाऱ्याची बोरेही विकली जातात' अशी म्हणच आहे. पण तो आपले ऐकत असे, आणि त्याला पुन्हा त्याच दारात यावयाचे असे. हे दोन मुद्दे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्यांचेच काम पडणार आहे.

छापखाने आले आणि हाळी कागदावर उतरली. मुंबईत गिरगावात १९०५ साली बी. दत्ताराम आणि कंपनी ही संस्था निघाली. आपल्या देशातील सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांमध्ये तिची गणना होते. जाहिरात करून देणे हाच एक धंदा होऊ शकतो, ही गोष्ट तेव्हा नवीनच होती.

त्याच सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर तयार करीत होते. आज आपल्याला नवल वाटेल, परंतु लोखंडाने जमीन विषारी होते अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत होती आणि आरंभी नांगर खपता खपेनात. नुसते 'घ्या, घ्या' म्हणून हे भागणारे नव्हते. शेतकऱ्याच्या मनात कोणती भीती आहे ती ओळखून त्याला समजावून सांगणे भाग होते. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा मूळ हेतू. पण शंकररावांनी त्यात लोकांना वाचावेसे वाटेल असे इतके काही घातले की त्यातून महाराष्ट्राचे एक मोठे मासिक उभे राहिले. १९३० साली त्याच संस्थेने आपल्या भगिनींसाठी 'स्त्री' मासिक सुरू केले. नांगराची जाहिरात करावयास निघालेला मनुष्य बायकांच्या हाती मासिक देऊन गेला, याला जाहिरातीचे पुण्य म्हणावयास हरकत नाही.

मोठ्या माणसांची नावे वापरण्याची रीतही आजची नव्हे. गोदरेजच्या वनस्पती तेलाच्या साबणाची रवींद्रनाथ टागोरांनी प्रशंसा केली होती. त्यामागे स्वदेशीचा अभिमान होता. १९४१ साली आपल्या लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. हिंदुस्थानातील नटीने लक्सची जाहिरात करण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हापासून नट-नट्यांची जी रांग लागली ती अजून संपलेली नाही.

या काळातील एका जाहिरातीविषयी थोडे अधिक सांगते. १९३७ साली डालडा बाजारात आला. साजूक तुपावर वाढलेल्या देशात वनस्पती तूप विकावयाचे म्हणजे मोठे कठीण काम. कंपनीच्या जाहिरातदारांनी काय करावे? त्यांनी डब्याच्या आकाराची मोटारगाडी केली, पत्रके वाटली, बोलपट दाखविला, आणि जागोजागी मांडव घालून लोकांना त्या तुपाचा वास घेऊ दिला, चव घेऊ दिली. डालडा चांगला की वाईट हा वाद पुढे पुष्कळ झाला. त्यावर बंदी घालावी अशीही मागणी झाली. तो वाद बाजूला ठेवू. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, एवढी मोठी विलायती कंपनी, पण तिलाही शेवटी सीताफळवालीचीच रीत धरावी लागली : 'खाऊन बघा, मग पैशाचे बोला.'

यानंतर रेडिओचे युग आले. आपले मराठी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली, म्हणून लोक रेडिओ सिलोन लावू लागले. तेथे १९५२ साली बिनाका गीतमाला सुरू झाली. बिनाका हे दंतमंजनाचे, म्हणजे टूथपेस्टचे नाव. दर बुधवारी रात्री अमीन सायानी यांचा आवाज घराघरांत येई. श्रोते पोत्यांनी पत्रे पाठवीत, आणि कोणते गाणे वर जावयाचे यात श्रोत्यांच्या पसंतीलाही जागा असे. माझ्या सासूबाई सांगत की, पानाच्या टपरीपुढे माणसे गाणी ऐकायला उभी राहत, आणि बिनाका कधी पाहिले नव्हते तरी नाव तोंडपाठ होते. ही जाहिरातच होती. पण तिने आधी आपल्याला गाणे दिले आणि मग आपले नाव सांगितले.

आकाशवाणीने स्वतः १९५७ साली विविधभारती सुरू केली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून विविधभारतीवर जाहिराती लागू लागल्या. म्हणजे आत्याबाईंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे : सरकारने आपल्या रेडिओचे दार जाहिरातीला उघडले ते या दिवशी.

टीव्हीचे दार त्यानंतर उघडले. दिल्लीला दूरदर्शनचा प्रयोग १९५९ साली सुरू झाला होता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आरंभीची वर्षे टीव्हीवर जाहिरात नव्हती. १ जानेवारी १९७६ पासून ती आली. १९८२ साली टीव्ही रंगीत झाला. १९८४ साली 'हम लोग' ही मालिका आली आणि मालिकेचा खर्च जाहिरातदार सोसतात ही पद्धत पडली.

आमच्या गावात टीव्ही आला तो रामायणाच्या निमित्ताने. जानेवारी १९८७ मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. गावात एकाच घरी टीव्ही, तोही काळा-पांढरा, लाकडी दाराच्या पेटीतला. रविवारी सकाळी अंगणात सतरंज्या पडत. एक मुलगा माळवदावर चढून अँटेना फिरवी आणि खालून सगळे ओरडत, "आलं, आलं! गेलं, गेलं!" रामायणाच्या आधी पुष्कळ जाहिराती लागत. पण एकदा प्रभू रामचंद्र आले की मध्ये साबण येत नसे. आम्ही मुले तर जाहिरातींसाठीच लवकर जाऊन बसत असू. तेव्हा कंटाळा कसा तो नव्हता.

त्या काळच्या दोन बायका मला अजून आठवतात. एक निरमाच्या पुड्यावरची गिरकी घेणारी मुलगी. निरमाचा इतिहास वाचला तेव्हा मला मोठे नवल वाटले. अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घरच्या घरी धुण्याची पावडर करून सायकलवरून घरोघर विकावयास आरंभ केला. आपल्या निरुपमा या मुलीवरून पावडरीला नाव दिले. मोठ्या कंपनीच्या पावडरीच्या मानाने ती फारच स्वस्त होती. म्हणजे टीव्हीवरचे गाणे पुष्कळ नंतर आले. आधी दारातला फेरीवालाच होता.

दुसरी बाई म्हणजे सर्फच्या जाहिरातीतील ललिताजी. निरमाने बाजार जिंकला तेव्हा सर्फच्या बाजूने अलेक पदमसी यांनी ही ललिताजी उभी केली. कविता चौधरी या नटीने ते काम केले. निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पण स्वस्त आणि चांगले यांतला भेद जाणणारी अशी ती संसारी बाई होती. घासाघीस करणाऱ्या आपल्या आईवरून ती सुचली, असे पदमसी सांगत. आपल्या आईकडे पाहून जाहिरात केली, म्हणूनच ती आपल्या आयांना पटली. आमची आई सर्फ कधीच घेऊ शकली नाही. परंतु ललिताजी बोलू लागली की मान डोलवी. आपल्याला कोणी शहाणे समजते आहे, हे तिला त्यात दिसत असावे.

आणखी एक उदाहरण आपल्या मंडळाने पाठ करून ठेवावे असे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. तेच आजचे श्री महिला गृह उद्योग, लिज्जत पापड. जसवंतीबेन पोपट या त्या सातांपैकी एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. टीव्हीवर लिज्जतची जाहिरात करणारा तो खदाखदा हसणारा ससा आपल्या रामदास पाध्ये यांनी केला आहे. पण तो ससा टीव्हीवर येईपर्यंत पापड कितीतरी घरांच्या ताटांत पोहोचलेला होता. सशाने पापडाचे नाव घेतले, पापडाची चव मात्र बायकांनी सांभाळली.

मग बिघडले कोठे? माझ्या मते १९९१-९२ नंतर. परदेशी वाहिन्या आल्या, १९९२ साली झी टीव्ही आला, १९९९ साली अल्फा मराठी आणि २००० साली ई टीव्ही मराठी आली. मराठी मालिका रोज घरात आल्या याचा आनंद होताच. परंतु इतक्या वाहिन्यांचा खर्च भागवावयाचा कोणी? जाहिरातीने. हे न्यायाने सांगितले पाहिजे : जाहिरात नसती तर मालिकेसाठी आपल्याला याहून पुष्कळ अधिक पैसे मोजावे लागले असते. पण झाले असे की, पूर्वी जाहिरात मालिकेच्या आधी उंबऱ्यापाशी थांबे, ती आता थेट माजघरात आली. कथा ऐन रंगात आली की तोडावयाची, हाच नियम झाला.

यावर कायदा नाही असे नाही. केबलच्या नियमांत तासाला बारा मिनिटांची मर्यादा घालण्यात आली : दहा मिनिटे इतरांच्या जाहिराती, दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या. जाहिरातीचा आवाज प्रमाणाबाहेर मोठा असू नये, असेही त्याच नियमांत लिहिले. २०१३ साली 'ट्राय'ने बारा मिनिटांचा नियम कडकपणे लावावयाचे ठरविले, तेव्हा काही वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अमेरिकेतही मोठ्या आवाजाचा असाच त्रास होता. तेथे २०१० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे आत्याबाईंचा वैताग काही एकट्या आपल्या गावचा नव्हे.

वैतागाचे दुसरे कारण भाषा. बऱ्याचशा जाहिराती हिंदीत तयार होतात आणि वरून मराठी चिकटविली जाते. ओठ एक बोलतात, कानावर दुसरेच पडते. 'मला मदत कर' असे म्हणावयाचे तेथे 'माझी मदत कर' म्हणतात. आमची धाकटी पोरे तसेच बोलू लागली आहेत. आपल्याला माल विकावयाचा आहे, पण आपल्या भाषेची चार वाक्ये कोणा मराठी बाईकडून तपासून घ्यावयाची नाहीत, याला काय म्हणावे?

तिसरे कारण म्हणजे आपले चित्र. ललिताजी गेली आणि तिच्या जागी जी आली ती शर्टावरचा डाग पाहून रडकुंडीला येणारी, आणि पावडर मिळताच नाचू लागणारी. भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणी शेतात राबतात, कितीजणी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, कितीजणी बचत गटाचा हिशेब चोख ठेवतात. शर्टावरचा डाग हे आपले सर्वांत मोठे दुःख आहे काय? २०१५ साली एरियलने धुण्याचे काम पुरुषांनीही वाटून घ्यावे अशा अर्थाची जाहिरात केली, तेव्हा पुष्कळांना ती आवडली. अशी एखादी येते, नाही असे नाही. पण ती एखादीच.

चौथे कारण लिहिताना हात थोडा थांबतो. माझी मुलगी सावळी आहे. ती तेरा वर्षांची असताना गोरे करणाऱ्या क्रीमची एक जाहिरात पाहून तिने मला विचारले, "आई, मला नोकरी लागणार नाही का?" जाहिरातीत सावळी मुलगी मान खाली घालून बसली होती आणि क्रीम लावल्यावर तिला नोकरी लागली होती. मी मुलीला म्हटले, "असं काही नसतं बाळा." पण मला माझीच लाज वाटली. कारण माझ्या लग्नाच्या वेळी पाहुणे बघावयास येणार म्हणून मीही तसली एक नळी चोरून आणून महिनाभर लावली होती. नाव सांगत नाही. तसल्या साऱ्यांची भाषा त्या वेळी एकच होती. माझा रंग जसा होता तसाच राहिला. लग्न व्हावयाचे ते झाले. पण आपल्यात काही उणे आहे ही गोष्ट मनात जी बसली, ती काढावयास मला पुष्कळ वर्षे लागली. कासाराने माझा हात हातात घेतला तेव्हा 'या रंगावर हिरवा चुडा फार खुलतो' असेच तो म्हणाला होता. त्यालाही बांगड्याच विकावयाच्या होत्या. परंतु माझे उणे दाखवून त्याने त्या विकल्या नाहीत.

२०१४ साली जाहिरातदारांच्याच 'आस्की' या संस्थेने, सावळा रंग कमी दर्जाचा दाखवू नये असा नियम केला. ही संस्था १९८५ साली मुंबईत स्थापन झाली आहे. नियम झाला हे बरे झाले. पण तोवर कितीतरी मुली मोठ्या झाल्या होत्या.

लपवाछपवीचे एकच उदाहरण देते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तंबाखूच्या जाहिरातीला तर त्याआधीच मनाई होती. मग त्याच नावाची विलायची किंवा दुसरेच काही टीव्हीवर येऊ लागले आणि मोठमोठे नट ती चघळू लागले. आपल्या गल्लीतील पोरांना ते नाव कशाचे आहे हे चांगले कळते.

आता प्रश्न असा की, एवढा खर्च, एवढा आरडाओरडा, त्याचा उपयोग तरी होतो काय? मी एक लहानशी परीक्षा घेतली. भजनाच्या दुसऱ्या दिवशी त्या सहा-सात जणींना विचारले की, काल कोणकोणत्या जाहिराती पाहिल्या? पुष्कळ जणींना गोष्ट आठवत होती : एक कुत्रा होता, एक नवरी पळत होती, एक आजोबा होते. पण माल कोणता, हे विचारल्यावर सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. एक म्हणाली, "जाहिरात लागली की मी दूध बघायला उठते." पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. याउलट मोती साबणाचे पाहा. वर्षातून दिवाळीच्याच दिवसांत ती जाहिरात येते आणि पुष्कळ घरांत तो साबण आणला जातो. आपल्या घरच्या अभ्यंगस्नानाची वेळ ओळखून ती येते, आणि काम झाले की जाते. पाहुण्याने असेच वागावे.

दुसऱ्यांना नावे ठेवताना आपली चूक लपवू नये, म्हणून आपल्या मंडळाची गोष्टही सांगते. ती जुन्या सभासदांना ठाऊकच आहे. आपण पापड, कुरडया, शेवया करू लागलो तेव्हा पहिल्या हंगामातील शिल्लक आपण केबलवर खाली पळणाऱ्या पट्टीची जाहिरात देण्यात घातली. आपले नाव टीव्हीवर दिसले म्हणून घरोघर पेढे वाटले. महिनाभर पट्टी पळाली. तिच्यामुळे एकही नवे गिऱ्हाईक आले नाही. आले ते आपलेच नातेवाईक, "तुमचं नाव बघितलं बरं का," असे सांगावयास. कुरडया डब्यात तशाच राहिल्या आणि काही जणींना त्या वर्षी मजुरी उशिरा मिळाली. त्यात एकीच्या मुलाच्या शाळेची फी अडली होती. ती बाई बोलली काही नाही, पण दोन बैठका आली नाही. चूक केबलवाल्याची नव्हती. आपणच पट्टीच्या मागे लपून बसलो होतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात आपण आठवडी बाजारात शेगडी मांडली आणि गरम कुरडया तळून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातावर ठेवल्या. पहिल्याच तासात एक म्हातारी म्हणाली, "बाई, चांगली हाय, पण मीठ लई झालंय." आपण रागावलो नाही, पुढच्या घाण्याला मीठ कमी केले. पुढच्या बाजाराला तीच म्हातारी दोन सुनांना घेऊन आली. आज आपल्या मालाला जी मागणी आहे तिची सुरुवात त्या मिठापासून झाली. आणि बैठकीला न येणारी ती बाई आज आपल्या शेगडीपाशी सर्वांत पुढे असते.

या साऱ्या इतिहासातून मला उमगले ते एवढेच. जाहिरात मुळात वाईट नाही. दवंडी, फेरीवाला, किर्लोस्करांची 'खबर', बिनाकाची पत्रे, निरमाची सायकल, या सगळ्यांना तोंड होते तसे कानही होते. आजच्या टीव्हीवरच्या जाहिरातीला नुसते तोंड आहे. ज्याला कान नाहीत तो मोठ्याने ओरडतो, तेच तेच बोलतो, आणि समोरच्याला काय हवे ते त्याला कधीच कळत नाही. म्हणूनच ती त्रास देते, आणि म्हणूनच वायाही जाते. आता मोबाईलवरही जाहिराती आल्या आहेत. तेथे काही जाहिराती पाच सेकंदांनी घालविता येतात. पाहणाऱ्याला त्यांचा किती कंटाळा आहे हे त्या बटणावरूनच दिसते.

परंतु जाहिरातीला कान नसले तरी कायद्याला आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. खोटी शिफारस करणाऱ्या नट-नट्यांवरही बंदी येऊ शकते. तक्रारीसाठी १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. हा आकडा प्रत्येकीने चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावा. घरातील मुले जाहिरात पाहत असतील तर शेजारी बसून एकच प्रश्न विचारावा : "हा माणूस आपलं काय उणं दाखवतोय, आणि ते खरं आहे का?" माझ्या मुलीला मी हा प्रश्न शिकविला. आता ती माझ्याआधी उत्तर देते.

आत्याबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना जाऊन सांगितले : "रेडिओत १९६७ साली आले, टीव्हीत १९७६ साली आले, आणि आपल्या घरात आपण टीव्ही घेतला तेव्हा आले." त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी बोलिवलं आपणच की. मग त्यांला बसा म्हणायचं का उठा म्हणायचं, ते बी आपणच ठरवायचं."

मी सातवी शिकलेली. त्या शाळेची पायरीही न चढलेल्या. पण याहून चांगला समारोप मला सुचत नाही. आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि आपल्या शेगडीपुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेण्याची बुद्धी आपल्याला सदैव राहो, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करते.